विहिणीच्या काजळाचा रिपोर्ट

बाळकुम, ठाणे
९ जानेवारी २०२५

रमाबाई,

मायना लिहिलेला नाही. या घटकेला तुमच्याविषयी मला काहीही प्रिय वाटत नाही, आणि रिवाज म्हणून खोटं लिहायची मला सवय नाही. पत्र अशासाठी लिहिते आहे की फोनवर तुम्ही रडता, मी ओरडते आणि मुद्दा तिथेच राहतो. कागदावर निदान वाक्य पूर्ण करता येतं.

मुद्दा असा. काल तुम्ही सलिलला फोन करून विचारलंत, "नातीला बघायला कधी येऊ?" माझा मुलगा भिडस्त आहे. सासूला 'नका येऊ' म्हणायची त्याची हिंमत होत नाही. म्हणून मी सांगते: येऊ नका.

मैत्रेयी साडेसहा आठवड्यांची आहे. त्यातले आठ दिवस तिने हॉस्पिटलमध्ये काढले. डाव्या बुबुळावर जखम झाली, ती भरली, आणि भरली तिथे आता पांढरा डाग आहे. तुम्ही तुमच्या लेकीला, अमृताला म्हणालात, "फूल पडलं गं बाई." फूल! एका मुलीची नजर गढूळ होते त्याला तुमच्याकडे फूल म्हणतात. नाव असं गोड ठेवलं की कुणाला जबाबदार धरायला नको.

जबाबदार कोण ते तुम्हाला माहीत आहे. पाच डिसेंबरला, नामकरणाच्या दिवशी, कल्याणकडच्या मानपाड्याच्या तुमच्या घरात मी पाऊल ठेवलं तेव्हा अकरा दिवसांच्या त्या जिवाच्या डोळ्यांत भरगच्च काजळ होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, हे काय आहे? तुम्ही हसून म्हणालात, "घरचंच आहे ताई, साजूक तुपातलं." घरचंच! जंतू काय घर बघून येतात? लग्नाच्या बोलण्यांत तुमच्या यजमानांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की आम्ही दृष्टबिष्ट मानत नाही. मग हे कशाला? मी काजळाची डबी उचलली आणि पर्समध्ये टाकली. तुमच्या पाहुण्या बायकांनी तोंडं वाकडी केली, तीही मी पाहिली.

मी घरून नेलेलं पाणी प्यायले याचा तुम्हाला राग आला, असं अमृता म्हणते. तुमच्याकडे टँकर येतो. मी एकतीस वर्षं सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. टँकरचं पाणी मी कुणाच्याच घरी पीत नाही. यात दुसरं काही शोधू नका.

डबी अजून माझ्याकडे आहे. ती मी तपासून घेणार आहे आणि रिपोर्ट तुम्हाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवणार आहे, म्हणजे ठाण्याची विहीण नुसती भांडकुदळ आहे असं कुणी म्हणायला नको. तोवर मैत्रेयी आणि अमृता इथेच राहतील.

सुहासिनी


बाळकुम
१९ जानेवारी २०२५

रमाबाई,

तुमचं पत्र अमृताने माझ्या हातात दिलं. वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं. अक्षर चांगलं आहे. मला अपेक्षा नव्हती.

काजळ कसं केलंत ते तुम्ही लिहिलंत, हे बरं केलंत. एरंडेलाचा दिवा. त्यावर पालथं तांब्याचं ताट, दोन विटांवर टेकवलेलं. रात्रभर धरलेली काजळी सुरीने खरवडून घरच्या तुपात खलायची. चिमूटभर भीमसेनी कापूर. चांदीची डबी आधी उकळत्या पाण्यातून काढायची. एवढं सगळं निगुतीने करायचं आणि मग ते बोटाने बाळाच्या डोळ्यांत भरायचं! बोट उकळलं होतं का?

तुम्ही लिहिता, "माझ्या आईने चाळीतल्या वीस-पंचवीस मुलांना घातलं, एकाचाही डोळा बिघडला नाही." याला पुरावा म्हणत नाहीत. ज्यांचा बिघडला ते सांगायला आले नसतील. तुम्ही असंही लिहिता की नामकरणाच्या दिवशी मी बोलले त्यानंतर तुम्ही बाळाला एकदाही काजळ घातलं नाही. डबी माझ्याकडे होती हे खरं. पण ज्या घरात एक डबी असते तिथे दुसरीही असते.

आणि हे वाक्य: "काजळाने डोळा शुद्ध राहतो." ठीक आहे. बघूच.

परवा कल्याणला गेले होते. मयूर म्हणून माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आहे, त्याची आता स्वतःची लॅब आहे. मला बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही रिटायर झालेल्या ना?"

"मी झाले. जंतू झाले नाहीत," मी म्हटलं. "एप्रन दे."

"अहो, मी करतो ना. तुम्ही चहा घ्या."

"तू करशील आणि ही बाई म्हणेल की शिकाऊ पोराने केलं."

तेव्हा मी स्वतः केलं. तुमच्या समजुतीसाठी लिहिते. काचेच्या ताटल्यांमध्ये जंतूंना वाढायला खाऊ घातलेला असतो, त्यांना प्लेट म्हणतात. एका प्लेटवर तुमचं काजळ पसरलं. त्यात जंतू असतील तर दोन दिवसांत ठिपके उगवतील. दुसऱ्या प्लेटवर नेहमी डोळे आणणारे जंतू आधीच पेरले आणि मधोमध खळगा करून त्यात तुमचं काजळ भरलं. तुमच्या काजळात खरोखर काही गुण असला तर खळग्याभोवती जंतू वाढणार नाहीत, मोकळं कडं दिसेल. मी तुमच्या दाव्यालाही संधी दिली आहे, हे लक्षात घ्या. असं तुमच्या बाबतीत कुणी केलं नसतं.

तिसरी प्लेट असते तिला आम्ही कंट्रोल म्हणतो. जे स्वच्छ आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, ते तिच्यावर लावायचं. ती कोरी राहिली म्हणजे आपल्या कामात चूक नाही. मयूर निर्जंतुक पाणी आणायला निघाला. मी म्हटलं, "पाणी नको. हे लाव." माझ्या पर्समध्ये डोळ्यांत घालायचे थेंब होते, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचे. डिसेंबरात बाळाचा डोळा चिकटू लागला तेव्हा चौदा तारखेला मी याच बाटलीतले थेंब घालायला सलिलबरोबर पाठवले होते. हॉस्पिटलात भरती केल्यावर तो बाटली परत घेऊन आला. माझ्या मनात असं होतं की औषधाची प्लेट कोरी, तुमची ठिपक्यांनी भरलेली, दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढावा आणि तुम्हाला पाठवावा. लिहून जे समजत नाही ते फोटोत समजतं.

मयूरने बाटली फिरवून पाहिली आणि प्लेटवर थेंब टाकला.

रिपोर्ट आला की कळवते.

सुहासिनी


बाळकुम
२७ जानेवारी २०२५

रमाबाई,

रिपोर्ट अजून हाती आलेला नाही. मयूरच्या लॅबमध्ये यंत्र बिघडलं होतं, पुन्हा करावं लागेल. घाई करू नका.

दोन गोष्टी कळल्या आणि दोन्हींचा मला संताप आला. एक, काजळी धरायचं ते तांब्याचं ताट तुम्ही भंगारात दिलंत. कशासाठी? ताट टाका असं मी म्हटलं नव्हतं. दुसरी, तुम्ही परस्पर डॉक्टरांकडे जाऊन आलात आणि त्यांच्यासमोर हात जोडून म्हणालात, "माझ्या हातून झालं." तुम्हाला हे सांगायला कुणी पाठवलं होतं? काय झालं, कशाने झालं, हे ठरवायला डॉक्टर आहेत, लॅब आहे. माणसाने असा उठसूट गुन्हा अंगावर घेऊ नये. भांडायचं असेल तर भांडा. तुम्ही अशा मान खाली घालून उभ्या राहिलात की समोरच्याला बोलायलाच जागा राहत नाही.

नोंदीसाठी थोडी माहिती हवी आहे. आठवून, तारखांसकट लिहा.

चौदा डिसेंबरच्या आधी, म्हणजे थेंब सुरू होण्याआधी, डोळा नुसता चिकटत होता की लालही होता? लाली नेमकी कधी आली? थेंब कोण घालत होतं, दिवसातून किती वेळा? बाटलीचं टोक पापणीला लागत होतं का?

हे मी फक्त नोंद पूर्ण असावी म्हणून विचारते आहे.

सुहासिनी


बाळकुम
८ फेब्रुवारी २०२५

रमाबाई,

तुमचं उत्तर पाच दिवसांपूर्वी मिळालं. मी मागितलं तसंच आहे, तारखांसकट. "चौदापर्यंत डोळा फक्त चिकटायचा, सकाळी जास्त. लाल नव्हता. थेंब सुरू केल्यावर पाचव्या दिवशी लाल झाला. अमृता घालायची, चार वेळा. टोक लागायचं कधीकधी, बाळ हलतं ना." त्याखाली तुम्ही लिहिलंत:

"मी सलिलरावांना विचारलं होतं, बाटली कधी फोडलीय? मी बावीस वर्षं एमआयडीसीत डोळ्याच्या औषधांच्या पॅकिंगला होते ताई. सील फुटलं की महिन्याने टाकून द्यायची असते, आम्ही तसं लेबल चिकटवायचो. सलिलराव म्हणाले, आई लॅबमध्ये होती, तिला कळतं. मग मी गप्प बसले. मोठ्या माणसांपुढे काय बोलणार."

तुम्ही पॅकिंगला होतात हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं आपण विहिणी आहोत. 'कंपनीत होते' एवढं तुम्ही सांगितलं होतं, आणि कुठल्या, कशाच्या, हे मी कधी विचारलं नाही.

आता माझं ऐका. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दर शुक्रवारी ख्रिश्चन मुली कबुली द्यायला चॅपलमध्ये जायच्या आणि आम्ही बाकीच्या बाहेर व्हरांड्यात बसून गणितं सोडवायचो. त्यामुळे कबुली कशी देतात ते मला शिकवलेलं नाही. मला जमतं तसं, रिपोर्टसारखं लिहिते.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. रिपोर्ट चोवीस जानेवारीलाच आला होता, मी लॅबमध्ये जाऊन पाहिला. सत्तावीसला मी तुम्हाला खोटं लिहिलं.

तुमच्या काजळाची प्लेट दोन दिवसांनंतरही कोरी होती. एक ठिपका नाही. दुसऱ्या प्लेटवर खळग्याभोवती कडं होतं, पट्टी लावून मोजलं, चार मिलिमीटर. मयूर म्हणाला, "मॅडम, रिंग आलीय." मी त्याला म्हटलं, कापराने येते, त्यात मोठं काय. मग तो म्हणाला, "मॅडम, कंट्रोल बघा."

झाकण उघडायच्या आधीच मला कळलं होतं. हिरवट, ओशट थर. द्राक्षं सडायला लागली की येतो तसा गोडूस वास. एकतीस वर्षांत हा वास मी हजार वेळा घेतला असेल. या जंतूचं नाव सांगायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मैत्रेयीच्या बुबुळाची जखम खरवडून हॉस्पिटलने जी तपासणी केली होती, तिच्या कागदावर हेच नाव आहे.

 मयूरने मला खुर्ची दिली. बोल लावला असता तर बरं झालं असतं.

मग मी बाटलीवरचं लेबल वाचलं. ऑपरेशननंतर मला दोन बाटल्या दिल्या होत्या, एक जंतुनाशक आणि एक सूज उतरायची, स्टिरॉइडची. दोन्ही सारख्याच दिसायच्या. जंतुनाशक केव्हाच संपली होती. पाच महिने फ्रिजच्या दारात राहिली होती ती दुसरी, माझ्या पापण्यांना टोक लागलेली. मी तुमच्या नावाने बोटं मोडत ती तुमच्या नातीसाठी पाठवली. मला इंग्रजी वाचता येतं. मी वाचलंच नाही.

बाळाच्या डोळ्यात चिकटा का येत होता तेही ऐका. डॉक्टर सांगतात, पुष्कळ बाळांची अश्रूंची नळी जन्मतः उघडलेली नसते. नाकाशेजारी बोटाने हलकी मालिश करायची, बहुतेकांची वर्षभरात आपोआप उघडते. औषधही लागत नाही. म्हणजे तिला काहीच झालेलं नव्हतं.

इथवरची चूक आहे. पुढचं चूक नाही, ते मी समजून केलं.

एकतीस जानेवारीला आम्ही डोळा दाखवायला गेलो. डॉक्टर बाई तरुण आहेत. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलते. काजळाची हकीकतही मीच इंग्रजीत दिली होती, म्हणून त्यांनी एका फटक्यात विश्वास ठेवला. तुम्ही मराठीत हात जोडलेत तो त्यावरचा शिक्का. तर त्यांनी विचारलं, "कधी स्टिरॉइडचे थेंब गेलेत का डोळ्यात? नीट आठवा. गेले असतील तर आतला दाब वाढू शकतो, आणि तो वाढून राहिला तर उरलेली नजरही जाईल. मग मला बाळाला भूल देऊन दाब मोजावा लागेल. गेले नसतील तर एवढ्याशा जिवाला उगाच भूल द्यायची नाही मला."

सलिल माझ्याकडे बघत होता. अमृता बघत होती. मी म्हटलं, "नो, डॉक्टर. नथिंग ऑफ दॅट सॉर्ट."

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही अमृताला फोन केलात. मी बैठकीच्या दारात उभी होते. ती तुम्हाला म्हणाली, "आई, तू येऊ नकोस. परत परत विचारू नकोस. तुझ्या हाताने माझ्या मुलीचा डोळा गेलाय." शब्द माझे होते. भरतीच्या दिवसापासून मी तिच्या कानात घातलेले, जसेच्या तसे. फोन ठेवून ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी आत जाऊन कुकर लावला.

त्याला आठ दिवस झाले. आठ दिवस मी स्वतःला सांगते आहे की दाब वाढला नसेल, मोजायची गरज नसेल, उगाच भूल कशाला. कारण खरं हे आहे की मी सांगितलं तर अमृता त्याच दिवशी मुलीला घेऊन जाईल आणि मला पुन्हा ती दिसायची नाही. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तिची नजर, आणि मी आठ दिवस तोलत बसले. लाज वाटते म्हणायची सुद्धा लाज वाटते.

पाण्याचंही सांगून टाकते, एवढं लिहिलंच आहे तर. आमच्या सोसायटीतही गेल्या मार्चपासून टँकरच येतो. ठाण्यात मी चार घरी जाते, चारही घरी मिळेल ते पाणी पिते. बाटली मी फक्त मानपाड्याला नेत होते. त्याचं कारण तुम्हाला तेव्हाच समजलं होतं. मला समजून घ्यायचं नव्हतं.

काल मी हॉस्पिटलला गेले. डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले आणि परत आले. म्हणून आज आधी हे लिहून काढते आहे. पत्र पेटीत टाकलं की ते परत काढता येत नाही. पेटी नाक्यावर आहे, तिथून तशीच हॉस्पिटलला जाईन. तुमच्या हातात हे पडेल तोवर सांगून झालेलं असेल.

सुहासिनी


बाळकुम
६ मार्च २०२५

रमाबाई,

तुमचं उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवते असं म्हटलं होतं, ते तरी पाळते.

दाब वाढलेला होता. अमृताने तुम्हाला सांगितलंच असेल, तरी माझ्या हातून यावं म्हणून लिहिते. दहा फेब्रुवारीला भूल देऊन मोजला. मी बाहेर होते. आत बोलावलं नाही आणि मी गेले नाही. औषधाने तो उतरतो आहे. डॉक्टर म्हणाल्या, अजून महिना गेला असता तर आतली नस गेली असती, आणि मग काही करता आलं नसतं. फूल राहणार. हो, मी आता फूलच म्हणते, दुसरा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. ते बुबुळाच्या मध्यावर नाही, थोडं कडेला आहे. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधून या डोळ्याला बघायला लावलं तर बरीचशी नजर येईल. बरीचशी म्हणजे किती, ते ती बोलायला लागल्यावर कळेल.

पट्टीच्या वेळी ती फार रडते, असं सलिल म्हणाला. तुम्ही तिला मांडीवर घेऊन स्टीलची वाटी आणि चमचा वाजवता, तेव्हा गप्प होते, असंही म्हणाला. वाजवत जा.

आठ फेब्रुवारीला मी डॉक्टरांकडून घरी आले आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. सलिल म्हणाला, "आई, तू नो म्हणालीस तेव्हा मला बाटली आठवली होती. पण तू म्हणालीस म्हणून मी गप्प बसलो." त्याला मी लहानपणापासून हेच शिकवलं आहे.  अमृताने कपाटातून बॅग काढली. दारात म्हणाली, "मी माझ्या आईला काय बोलले ते तुम्ही उभं राहून ऐकलंत. तेव्हा तरी बोलायचं होतं." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच, अजून काय सांगू?" तिला वाटलं मी उद्धट बोलले. खरोखर दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

आता मी तुमच्याशी गोड बोलेन असं समजू नका. तुमच्या काजळाला मी प्रमाणपत्र देत नाही. त्या एका डबीत त्या दिवशी जंतू नव्हते, एवढंच त्या रिपोर्टचं म्हणणं आहे. तुपात पाण्याचा अंश नसतो, म्हणून काही उगवलं नाही. चार मिलिमीटरचं कडं कापराचं असावं, आणि जो कापूर जंतूंना झोंबतो तो बाळाच्या डोळ्यालाही झोंबतो. शिसं आहे की नाही ते मी पाहिलेलं नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. प्लेट कोरी राहिली म्हणून गोष्ट डोळ्यात घालण्याजोगी होत नाही. मैत्रेयीला पुन्हा काजळ घालू नका. हे मी विहीण म्हणून सांगत नाही, तो हक्क राहिलेला नाही. तुम्ही स्वतः बाटल्यांवर लेबलं चिकटवलेली आहेत, तुम्हाला पटेल म्हणून सांगते.

सलिल म्हणतो, "त्यांच्या मनात काही नाही आई, तू एकदा जाऊन ये." त्याला तुम्ही तसं म्हणाला असाल. तुम्ही म्हणालच. मला ते नको आहे. तुम्ही 'असू द्या ताई' म्हणालात तर मला तुमचा पुन्हा राग येईल. सहा-सात आठवडे तुम्ही स्वतःला नातीचा डोळा घालवणारी बाई समजत होतात. त्यातले दोन आठवडे तुम्ही तशा नाही हे मला एकटीला माहीत होतं. याला 'असू द्या' नाही.

एक काम मात्र मी केलं आहे. सोमवारी हॉस्पिटलला जाऊन मैत्रेयीची केस काढायला लावली. पहिल्याच पानावर, भरतीच्या दिवशीची नोंद आहे: आईच्या आईने घरगुती काजळ घातल्याने संसर्ग. नोंदीत तुमचं पूर्ण नाव आहे. खाली 'माहिती देणार' म्हणून माझी सही. ही केस तिच्याबरोबर जन्मभर जाणार. शाळेत, नोकरीत, पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे पहिलं पान तेच. मी डॉक्टरांना म्हटलं, हे पान फाडून दुसरं लावा. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी मराठीत बोलले.

त्या म्हणाल्या, "पान बदलता येत नाही आजी. तुम्ही लॅबमध्ये होतात ना? तुम्हाला नियम माहीत आहे."

मला माहीत आहे. हाताखालच्या प्रत्येक पोराला मी तो शिकवला. नोंद चुकली तर खरडून काढायची नाही, पांढरं लावायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर नोंद, तारीख, सही. खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

डॉक्टरांनी रेघ मारली. शेजारी लिहिलं: वडिलांच्या आईने दिलेले जुने, दूषित स्टिरॉइड थेंब. माझं पूर्ण नाव. तारीख. मी सही केली. एका पानावर माझ्या दोन सह्या झाल्या.

रेघ सरळ आहे, बारीक आहे. तिच्याखाली तुमचं नाव स्पष्ट वाचता येतं.

सुहासिनी